डाव्या हातासाठी सहाची गाडी

आमच्या धाकट्याला घरात सगळे सोन्या म्हणतात, म्हणून येथेही तेच नाव वापरते. तो आठ महिन्यांचा असताना त्याच्यासमोर खुळखुळा, चमचा, भाकरीचा तुकडा, काहीही धरले तरी तो उजवाच हात पुढे करायचा आणि माझ्या सासूबाईंना त्याचे फार कौतुक होते. "डावरा व्हायचा नाही गं, बघ कसा उजव्यानं घेतोय," असे त्या आल्यागेल्याला सांगत. डावी मूठ मात्र अंगठा आत घालून मिटलेली असायची आणि अंघोळ घालताना ती उघडून आतला मळ काढावा लागे. ते मला रोज दिसत होते, पण लहान मुलांच्या मुठी मिटलेल्याच असतात अशी माझी समजूत होती. वर्षाच्या आत मूल एकाच हाताने सगळे घेऊ लागले, तर ते कौतुकाचे नव्हे, दुसऱ्या हाताकडे नीट पाहायला लावणारे लक्षण असते, हे मला पुढे दोन वर्षांनी कळले.

उशीर होण्याला काळही कारणीभूत होता. सोन्याचा जन्म जानेवारी २०२० चा. बाळंतपण पूर्ण दिवसांचे होते, काचेच्या पेटीत ठेवावे लागले नव्हते, कागदोपत्री सगळे ठीक होते. दोनच महिन्यांनी टाळेबंदी लागली, अंगणवाडी बंद झाली, आणि लसीपुरते उपकेंद्रात जाऊन लगेच परत यायचे असा तो काळ होता. एरवी मूल मान कधी धरते, बसते कधी, रांगते कसे, हे चार जाणत्या बायका पाहत असतात. त्या वर्षी ते पाहायला आम्ही घरातली पाच माणसेच होतो. तो रांगला नाही, बुडावर खुरडत पुढे सरकला. एकोणीस महिन्यांनी चालला, तोही डाव्या पायाच्या चवड्यावर. "याचा मामा पण उशिरा चालला होता," असे माझ्या आईने फोनवर सांगितले आणि आम्ही गप्प बसलो.

अंगणवाडी पुन्हा नियमित भरू लागल्यावर आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी जे पाहिले ते मी रोज पाहत होते, फरक इतकाच की त्यांनी त्याचा अर्थ लावला. त्यांनी मुलांना बिस्किटाचे छोटे पुडे वाटले होते. बाकीच्या पोरांनी दोन हातांनी कागद ओढून फाडला. सोन्याने पुडा उजव्या हातात धरला, दातात कोपरा घेतला आणि मान झटकून तो फोडला. इतका सफाईने, की त्याला हे कधीपासून येत असेल असा विचार मनात यावा. डावा हात कोपरात दुमडून छातीशी तसाच राहिला. ताईंनी तो पुडा पुन्हा चिकटवून त्याला दिला आणि मला म्हणाल्या, "आता बघा हं." त्याने पुन्हा दातच लावले.

त्यानंतर महिन्याभरात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक गावात आले. हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. जन्मतः असलेले दोष, आजार, कमतरता आणि वाढीतील विलंब या चार गोष्टींसाठी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचे, अशी त्याची रचना आहे. जीपमधून दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता येतात. मी थोरल्या मुलीच्या वेळी ही जीप पाहिली होती. जंताच्या गोळ्या आणि वजनकाटा एवढेच तिचे काम असावे असे मला वाटायचे. ताईंनी सोन्याला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवले. डॉक्टर बाईंनी त्याचा घोटा वर दाबून पाहिला, मनगट फिरवून पाहिले, आणि संदर्भपत्र लिहून पुण्यातील औंधच्या जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतील अडचणी लवकर ओळखून उपचार करतात तेथे, जायला सांगितले. गावातून ज्यांना पुढे काय करावे ते कळत नाही, त्यांना माझे पहिले सांगणे हेच असते की अंगणवाडीच्या ताईंना त्या पथकाची तारीख विचारा. तो कागद हातात असला की पुढच्या दारांवर आपण कोण आणि का आलो हे नव्याने सांगावे लागत नाही.

तपासण्या, भूल देऊन केलेला एमआरआय आणि तीन फेऱ्या यानंतर निदान झाले. मेंदूच्या उजव्या बाजूला जन्माच्या आगेमागे झालेली जुनी इजा, आणि तिच्यामुळे शरीराच्या डाव्या बाजूला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे स्नायू ताठर होऊन हालचालींवरचा ताबा कमी असणे. एकाच बाजूला असले की त्याला हेमिप्लेजिया म्हणतात. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी तेव्हाच वहीत लिहून घेतल्या. मेंदूतील इजा वाढत जाणारी नाही; पण हाडे वाढतात आणि ताठर स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत, म्हणून काहीच केले नाही तर हात-पाय आखडत जातात. दुसरी गोष्ट म्हणजे फिजिओथेरपीबरोबर ऑक्युपेशनल थेरपी हवी, हातासाठी तर ती अधिकच.

हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. सरकारी मराठीत त्याला व्यवसायोपचार म्हणतात, आणि संदर्भपत्रावर तो शब्द वाचून माझे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, एवढ्याशा पोराला आत्ताच कसला व्यवसाय शिकवणार?" हसू आले तरी गोंधळ खरा होता. येथे व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदा नव्हे, तर माणसाचा दिवस ज्या कामांनी भरतो ती कामे. अडीच वर्षांच्या मुलाचा व्यवसाय म्हणजे जेवणे, कपडे घालणे, खेळणे. फिजिओथेरपीचा भर मुख्यतः अंगातील ताकद, तोल आणि चाल यांवर असतो. व्यवसायोपचारात विचार होतो तो त्या अंगाने मूल दिवसभरात काय काय करू शकेल याचा.

मग शोध सुरू झाला. आम्ही जुन्नर तालुक्यातील ओतूरजवळच्या एका वाडीत राहतो. नारायणगाव, आळेफाटा, जुन्नर येथे गुडघे आणि कंबर दुखणाऱ्यांसाठी फिजिओथेरपीचे दवाखाने आहेत, पण मी "ऑक्युपेशनल" म्हटले की बहुतेक ठिकाणी "तेच आहे ते" असे उत्तर मिळायचे. एका दवाखान्यात आम्ही दीड महिना गेलो. तेथे सोन्याच्या मनगटाला चिकटपट्ट्या लावून यंत्राने स्नायूंना झटके देत; तो पंधरा मिनिटे रडायचा आणि मी त्याचे पाय धरून बसायची. सहा महिन्यांत हात मोकळा होईल असे सांगितले गेले. घरी काय करायचे हे कोणी सांगितले नाही, आणि मलाही ते विचारायचे असते हे ठाऊक नव्हते. त्या दीड महिन्याने एक तोटा केला, तो असा की पांढरा कोट दिसला की सोन्या डावा हात पाठीमागे लपवू लागला. ती सवय मोडायला पुढे चार महिने गेले.

त्याहून मोठी चूक होता होता राहिली. शहरातील एका केंद्राची चित्रफीत दिरांच्या फोनवर आली होती. तेथे स्टेम सेलचे, म्हणजे मूळ पेशींचे, इंजेक्शन देऊन अशी मुले चालती-बोलती होतात, असे तिच्यात दाखवले होते. खर्च लाखांत होता. दोन दुभत्या गाई विकायच्या आणि उरलेले पतसंस्थेतून काढायचे, इतके घरात ठरलेही होते. औंधच्या डॉक्टरांना सहज विचारले, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले की भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सेरेब्रल पाल्सीसाठी हा मान्य उपचार नाही, आणि पैसे घेऊन तो करणे त्या सूचनांत बसत नाही. गाई राहिल्या. अशा वेळी घरातील माणसे भोळी असतात म्हणून फसत नाहीत, असे मला वाटते. "घरी करत राहा" म्हणणाऱ्यापेक्षा "आम्ही करून देतो" म्हणणाऱ्याकडे थकलेले मन आपोआप ओढले जाते.

व्यवसायोपचारक गावाकडे का मिळत नाहीत, याचे उत्तर मला पुढे मिळाले. ही पदवी देणारी जुनी महाविद्यालये मुंबईत आणि नागपुरात आहेत: मुंबईची केईएम, सायन आणि नायर ही महापालिकेची रुग्णालये आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. शिकून बाहेर पडलेली मुलेमुली मोठ्या शहरांत राहतात, बरीच परदेशी जातात. गंमत म्हणजे या विद्येची आपल्याकडची सुरुवात जिने केली तिचे नाव मी लहानपणापासून ऐकत आले होते. माझे माहेर फलटणकडचे. तेथे कमला निंबकर बालभवन नावाची शाळा आहे आणि त्या कमलाताई कोण हे मला कधी विचारावेसे वाटले नव्हते. मूळच्या अमेरिकन असलेल्या या बाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये व्यवसायोपचाराचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले. माझ्या आईला हे सांगितले तर ती म्हणाली, "मग तू माहेरीच यायचं होतंस." फलटणला तरी असा उपचार मिळतो का, हा प्रश्न मी तिला विचारला नाही.

औंधच्या केंद्रातून आणि दुसऱ्या एका पालकाकडून मिळून चार नावे हाती आली. एका अनुभवी पालकाने सांगितल्याप्रमाणे मी प्रत्येकाला फोनवर तीन प्रश्न विचारले: महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत आपली नोंदणी आहे का, एका हाताने अधू असलेल्या लहान मुलांबरोबर काम केले आहे का, आणि आम्ही आठवड्याला येऊ शकत नाही, तर महिन्यातून दोनदा येऊन काही होईल का. पहिल्या प्रश्नावर एकाने फोनच ठेवला. दोघांचे म्हणणे असे की आठवड्यातून तीन दिवस आल्याशिवाय उपयोग नाही, पुण्यात खोली घेऊन राहा. चौथ्या होत्या त्या मॅडम, ज्यांच्याकडे आम्ही आजही जातो. त्यांनी उलट मलाच विचारले, "तुमच्या घरात दिवसभर सोन्याजवळ कोण असतं?" मी सासूबाईंचे नाव सांगितले. "मग पहिल्या वेळी आजींना घेऊन या," त्या म्हणाल्या.

ओतूरहून पुणे सुमारे ९५ किलोमीटर. सहाची एस.टी. धरायची म्हणजे चारला उठून धारा काढायच्या, डबा करायचा, आणि अंधारात रस्त्यापर्यंत यायचे. आमच्याकडे बिबट्याचा वावर असल्याने सोन्याचे वडील बॅटरी आणि काठी घेऊन थांब्यापर्यंत सोडायला येत. नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर येथपर्यंत गाडी बरी चालते. चाकणला कारखान्यांच्या गाड्यांत ती अडकली की तास कसा जातो ते तेथे अडकलेल्यालाच ठाऊक. वाकडेवाडीच्या स्थानकावर उतरून रिक्षा करायची. पहिल्या तीन वेळी झाले असे की साडेदहाची वेळ गाठेपर्यंत मूल दमून झोपलेले. पाऊण तासातील वीस मिनिटे त्याला जागे करण्यात गेली. मग मॅडमनी आमची वेळ एक वाजता केली, म्हणजे तो गाडीतच झोप काढून, पोळीभाजी खाऊन ताजा व्हायचा. लांबून येणाऱ्यांनी वेळ मागून घ्यावी. आपण गरजू म्हणून मिळेल ती वेळ घेतो आणि पैसे मुलाच्या झोपेवर खर्च करतो. एका वेळेचे सहाशे रुपये होते, आणि तिकीट, रिक्षा, खाणे यांचे तितकेच. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा माझ्या आणि सासूबाईंच्या मिळून वाचलेल्या पैशांनी फेऱ्यांचा भार थोडा हलका झाला.

पहिल्या भेटीत मॅडमनी सोन्याच्या डाव्या हाताला स्पर्शही केला नाही. सतरंजीवर बसून त्यांनी झाकणाची एक प्लास्टिकची बरणी त्याच्यासमोर ठेवली, तीत गुळाचे चार खडे. सोन्याने बरणी उचलली, दात लावून पाहिले. झाकण फिरकीचे होते. मग त्याने बरणी दोन मांड्यांत धरली आणि उजव्या हाताने फिरवायचा प्रयत्न केला. बरणीच गोल फिरू लागली. तो चिडला. आमच्या सासूबाई पुढे सरसावल्या, तर मॅडमनी नुसता हात वर केला. दोन-तीन मिनिटांनी, ती मिनिटे मला फार लांब वाटली, छातीशी दुमडलेला डावा हात खाली आला आणि त्या हाताचे मनगट, बोटे नव्हे, बरणीच्या कडेला टेकले. झाकण अर्धवट फिरले. "बघितलंत ना आजी," मॅडम म्हणाल्या, "हात आहे. त्याला कामाला कोणी बोलावलंच नव्हतं."

मग त्यांनी जे समजावले त्यावर पुढची तीन वर्षे उभी आहेत. डावा हात उजव्यासारखा करायचा नाही, होणारही नाही. तो मदतीचा हात व्हायला हवा. भाकरी उजवा हात थापतो, पण परात धरायला डावा लागतो. डाव्याला परात धरता आली की भाकरी होते. म्हणून व्यायाम वेगळा आणि काम वेगळे असे ठेवायचे नाही. घरात दोन हात लागतात अशी कामे शोधायची आणि ती रोज त्याच्याकडून करून घ्यायची. त्यांनी आम्हाला रिकामी वही दिली आणि सांगितले की पुढच्या वेळी येताना आपल्या घरात, शेतात कोणत्या कामाला दोन हात लागतात ते लिहून आणा. शहरातील मुलांसाठी त्या मणी ओवणे, कागद कापणे, ठोकळे जोडणे देत असत. आमच्या वहीत शेंगा फोडणे, मटार सोलणे, लसूण सोलणे, कोथिंबिरीच्या जुड्या बांधणे, बादलीची कडी दोन्ही हातांनी धरणे, आणि सासूबाईंनी सांगून लिहायला लावलेल्या फुलवाती, असे सत्तावीस प्रकार झाले. मॅडमनी ते क्रमाने लावून दिले: आधी जेथे डाव्याने नुसते दाबून धरायचे, मग जेथे मुठीत धरायचे, शेवटी जेथे चिमटीत. लसूण आणि वाती अगदी शेवटी गेल्या; सासूबाई थोड्या नाराज झाल्या.

कांद्याच्या हंगामात एक गोष्ट लक्षात आली. कांदा साठवायच्या चाळीत प्रतवारी करताना सोन्याला गोल्टी, म्हणजे बारीक, कांदे पाटीतून टोपलीत टाकायला दिले होते. डाव्या हाताने कांदा उचलणे त्याला आठवड्यात जमले, पण टोपलीवर हात आला की मूठ उघडेना. तो हात झटकायचा, मूठ अधिकच घट्ट व्हायची. मॅडमना विचारले तर त्या म्हणाल्या की या मुलांना धरण्यापेक्षा सोडणे कठीण जाते. मनगट खाली वाकवले की बोटे सैल पडतात, म्हणून टोपली त्याच्या गुडघ्याच्या उंचीच्या खाली ठेवा. टोपली खड्ड्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी कांदा पडला. माझ्या डोळ्यांसमोरची ती सर्वात मोठी घटना आहे, आणि ती लिहिताना एवढीच होते: कांदा पडला.

दुसऱ्या वर्षी त्यांनी चांगला हात काही काळ बांधून ठेवण्याचा उपचार सुचवला. उजव्या हातावर पिशवीसारखा मोजा घालायचा, रोज दोन तास, तीन आठवडे, आणि त्या वेळात फक्त डाव्या हाताचे खेळ. पुण्यात तो दवाखान्यात करतात. आम्हाला पाच दिवस शिकवून घरी करू दिला. वाचणाऱ्याने ऐकीव माहितीवर हा प्रकार करू नये, मूल कोणत्या टप्प्यावर आहे ते जाणकाराने पाहिल्यावरच तो करतात. मी जुन्या खणाच्या कापडाचा मोजा शिवला. पहिल्या दिवशी सोन्याने हाताला येईल ते भिरकावले. सासूबाई उठून ओसरीवर गेल्या. "देवानं दिलेला एक हात चांगला आहे, तोही तुम्ही बांधा," एवढे बोलून त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. मुलाचे रडणे ऐकत माजघरात बसणे माझ्यानेही होत नव्हते. चौथ्या दिवशी त्यांनीच मार्ग काढला. दुपारी नको, संध्याकाळी हरिपाठाच्या वेळी मोजा घाला, असे त्या म्हणाल्या. सगळी वाडी देवळात जमते, पोरे मध्ये बसतात, तेथे सोन्याच्या डाव्या हातात खंजिरी दिली. आवाजाच्या नादात तो मोजा विसरून गेला. तीन आठवडे संपल्यावर मोजा सुटला आणि हातात टाळ आले. टाळाला दोन्ही हात लागतात, आणि ताल चुकला की शेजारचे आजोबा डोळे वटारतात. इतका नियमित व्यायाम मी एकटीने त्याच्याकडून कधीच करून घेऊ शकले नसते.

पायाच्या पट्ट्याबद्दल थोडे लिहिते, कारण ते कोणी आधी सांगत नाही. डावी टाच खाली टेकावी म्हणून पोटरीपासून बोटांपर्यंतचा प्लास्टिकचा पट्टा मापाने बनवतात. तो बुटात घालायचा असतो, म्हणून त्या पायाला एक नंबर मोठा बूट लागतो. दुकानदार दोन मापांचा जोड देत नाही, दोन जोड घ्यावे लागतात. शहरातील मुले घरातही पट्टा आणि बूट घालून असतात. आमच्याकडे चपला उंबऱ्याबाहेर निघतात, आणि नुसत्या प्लास्टिकवर फरशीवरून मूल घसरते. पहिल्याच आठवड्यात तो पडून ओठ फुटला. शेवटी घरात वापरायला एक वेगळा जोड आणला आणि तो बाहेर जाणार नाही असा सासूबाईंना शब्द दिला. देवघराच्या खोलीत तो जोड अजूनही जात नाही. तेथे सोन्या भिंत धरून अनवाणी चालतो. दर आठ-दहा महिन्यांनी पाऊल वाढते आणि नवे माप द्यावे लागते.

कागदांचे काम कंटाळवाणे असले तरी करून ठेवावे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणि स्वावलंबन कार्डासाठी ऑनलाइन अर्ज होतो, मग डॉक्टरांच्या मंडळापुढे मुलाला न्यावे लागते. लहान मुलांना बहुधा ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र देतात आणि मुदत संपली की पुन्हा तपासणी. आमच्या अर्जात जन्मदाखल्यावरचे आणि आधारवरचे नाव एका वेलांटीने वेगळे असल्यामुळे एका कार्यालयात चार महिने गेले. गुलाबी फाइल, कोपऱ्यात तीच वेलांटी, आणि प्रत्येक टेबलावर नवा माणूस. प्रमाणपत्रावर चाळीस टक्के लागले आणि एस.टी.त सोन्याला ७५ टक्के सवलत सुरू झाली. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे. सेरेब्रल पाल्सी तीत बसते, वर्षाला एक लाखापर्यंतचे संरक्षण आहे आणि बाह्यरुग्ण उपचारांचाही तीत विचार होतो. आमचा पहिला दावा परत आला, कारण त्या जुन्या दवाखान्याच्या पावत्यांवर ना शिक्का होता ना नोंदणी क्रमांक. तेव्हापासून मी पावती हातात पडताच आधी शिक्का पाहते, मग रक्कम.

समग्र शिक्षा योजनेतून तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षण तज्ज्ञ असतात, हेही मला फार उशिरा, अंगणवाडीच्या ताईंकडूनच कळले. आमच्याकडच्या बाई स्कूटीवरून महिन्यातून एकदा येतात. त्या व्यवसायोपचारक नाहीत आणि तसे म्हणतही नाहीत. पण मॅडमनी लिहून दिलेले कागद त्या वाचतात, सोन्याकडून करून घेतात आणि काय जमत नाही ते मॅडमना फोनवर सांगतात. दोन जाणकार माणसे एकमेकींशी बोलू लागली, तेव्हा आमच्या पुण्याच्या फेऱ्या महिन्याला दोनवरून एकावर आल्या. मधल्या पंधरवड्यात मॅडम फोनवरून पाहतात. घरात नेटवर्क नाही, विहिरीच्या कठड्याजवळ येते, म्हणून आमचा दवाखाना तेथे भरतो. पहिल्यांदा मी फोन सोन्याच्या चेहऱ्यासमोर धरला होता. "ताई, मला तोंड नको, कोपर दाखवा," असे त्या ओरडल्या, आणि शेजारच्या वाफ्यात निंदणाऱ्या बायका हसून हसून खाली बसल्या.

सोन्या आता पावणेसहा वर्षांचा आहे. शर्टाची खालची तीन बटणे तो लावतो, वरची दोन मी. मटार सोलताना डाव्या हाताने शेंग धरतो. अंगठा अजून आत वळतो आणि थंडीत हात जास्त आखडतो. जूनमध्ये तो पहिलीत जाईल. लिहिण्याचा हात उजवा, त्यामुळे अडचण नसेल असे आम्ही धरून चाललो होतो. पण कागद धरायला डावा हात वेळेवर येत नाही, आणि वही अक्षराबरोबर पुढे सरकत जाते. मॅडमनी वहीखाली न घसरणारी रबरी चटई घालायला सांगितली. सोन्याच्या वडिलांनी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा चौकोन कापून दिला. वास येतो, पण वही हलत नाही. पायाचा पट्टा पुन्हा अंगठ्याला टोचू लागला आहे. नव्या मापासाठी पुढच्या बुधवारी सहाच्या गाडीने जायचे आहे, आणि येताना सासूबाईंना चष्म्याचा नंबर तपासून घ्यायचा आहे, कारण वाती वळताना आता त्यांनाच दिसत नाही.